छावणीतील कुदळ

शास्त्रपाठ : अनुवाद २३ : १२-१४



आज ज्या वचनावर आपण मनन करणार आहोत, ते मंडळीत क्वचितच वाचले जाते. वाचणाऱ्यास संकोच वाटतो व ऐकणारे खाली पाहतात. मोशे इस्राएल लोकांस सांगतो की, छावणीच्या बाहेर तुमची एक जागा ठरलेली असावी. प्रत्येकाने आपल्या हत्यारांबरोबर खणण्याचे एक साधन बाळगावे. बाहेर बसण्याच्या वेळी त्याने त्या साधनाने खड्डा खणावा, आणि आपल्यापासून जे निघाले ते मातीने झाकून टाकावे. ह्या आज्ञेचे कारण काय? कारण असे की, परमेश्वर स्वतः त्या छावणीत फिरत असतो. म्हणून ती छावणी पवित्र असली पाहिजे.

ज्या देवाने सीनाय पर्वतावर दहा आज्ञा दिल्या, त्याच देवाने शौचाच्या खड्ड्याविषयीही आज्ञा दिली. ज्या गोष्टीचा उच्चार करण्यास आपण लाजतो, ती बोलण्यास परमेश्वर लाजला नाही. तेव्हा त्याच्या सेवकांनीही लाजू नये. आजचा विषय आपल्या लेकरांच्या पोटातील जंत हा आहे, आणि तो प्रार्थनामंदिरात बोलण्याजोगा आहे असे मी शास्त्राच्याच आधाराने म्हणतो.

आता ह्या वचनाकडे आपल्या मुलखातून पाहू या. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता वडीगोद्रीस धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो. जवळून जायकवाडीचा डावा कालवा जातो, आणि त्याच्या पाण्यावर ऊस, कापूस व मोसंबी उभी राहते. दिवाळी सरली की ह्या भागात मोठी हालचाल सुरू होते. कित्येक कुटुंबे उचल घेऊन, मुलेबाळे व भांडीकुंडी गाडीत घालून, दूरच्या कारखान्यांकडे ऊसतोडीस निघतात. इकडे अंकुशनगरच्या कारखान्याच्या परिसरातही फडाफडातून टोळ्यांचे तळ पडतात. पाचट आणि कापडाच्या कोप्या उभ्या राहतात. आई पहाटेच कोयता घेऊन फडात जाते; धाकटे लेकरू बांधावर मातीत खेळते; थोरले त्याला सांभाळते. तळावर शौचालय नसले म्हणजे सर्वांना फडाच्या कडेस किंवा ओढ्याच्या काठी जावे लागते. बंधुजनहो, ही छावणीच नव्हे काय? इस्राएल लोक तंबूंत राहिले, हे कोप्यांत राहतात. त्यांच्या हाती भाले होते, ह्यांच्या हाती कोयते आहेत. आणि जो परमेश्वर त्या छावणीत फिरत होता, तो ह्या तळावरून तोंड फिरवून गेला आहे असे कोणी म्हणू शकेल काय?

परंतु तळावर बोट ठेवून गावाने मोकळे होऊ नये. गावातही शौचालय बांधलेले असते, आणि त्यात सरपण व गोवऱ्या रचलेल्या असतात. आपल्या घरी तसे नाही ना, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

प्रथम हे जंत येतात कोठून ते समजून घ्या, कारण जे समजले नाही ते पाळले जात नाही. पुष्कळ आया म्हणतात, गूळ-साखर फार खाल्ल्याने लेकराला जंत झाले. कोणी म्हणते, दृष्ट लागली. ह्या दोन्ही समजुती खोट्या आहेत. जंत गोडातून उपजत नाहीत. जंताची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात. गोल जंताची एक मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. ती इतकी बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. दोन-तीन आठवडे मातीत राहून ती अपायकारक होतात. मग तीच माती खेळणाऱ्या मुलाच्या नखांत भरते, न धुतलेल्या मुळ्या-गाजराला चिकटते, आणि भाकरीच्या घासाबरोबर पोटात जाते. आतड्यात अंडी फुटतात, आणि जंत वाढून वीतभर किंवा त्याहूनही लांब होतात.

दुसरा एक जंत आहे, त्याला डॉक्टर हूकवर्म म्हणतात. त्याला तोंडाचीही गरज नाही. त्याच्या अळ्या ओल्या मातीत राहतात, आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. ही गोष्ट कशी उघडकीस आली ती ऐका. १८९८ च्या सुमारास कैरो शहरात आर्थर लूस नावाचे जर्मन पंडित ह्या अळ्यांवर प्रयोग करीत असता अळ्यांचे पाणी चुकून त्यांच्या हातावर सांडले. हाताला खाज सुटली व कातडी लाल झाली; आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच विष्ठेत ह्या जंताची अंडी सापडली. अळी कातडीतून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तेथून घशात येते, आणि गिळली जाऊन आतड्यात पोहोचते. तेथे ती आतड्याला चिकटून रक्त पिते. म्हणून असे मूल फिकट पडते, धापा टाकते, वर्गात पेंगते. गुरुजी म्हणतात मूल आळशी आहे. आई म्हणते खाल्लेले अंगी लागत नाही. हाग्गय संदेष्ट्याने भोक पडलेल्या पिशवीत मजुरी टाकणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे. बापाने दिवसभर कोयता चालवून आणलेली भाकरी लेकराच्या पोटात जाते, आणि तिचा वाटा जंत खातात. हीच ती भोक पडलेली पिशवी.

हे दुःख एकट्या आपल्या जिल्ह्याचे नाही. मातीतून पसरणाऱ्या ह्या जंतांची बाधा जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा ज्याच्या मुलाला जंत झाले त्याने हा देवाचा कोप समजू नये, आणि शेजाऱ्याने त्याला हिणवू नये. जन्मांधाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभूने त्या प्रश्नालाच थारा दिला नाही. आपण पाप शोधीत बसू नये; कुदळ शोधावी.

आता आपल्या वचनातून तीन गोष्टी शिकू या.

पहिली गोष्ट ही की, कुदळ प्रत्येकाच्या हाती दिली आहे. मोशेने असे म्हटले नाही की एका वंशाने घाण करावी आणि दुसऱ्या वंशाने ती उचलावी. हत्यार ज्याचे, कुदळही त्याचीच. आपल्या देशात मात्र शतकानुशतके उलटा नियम चालला. घाण करणारा शुद्ध मानला गेला, आणि ती उचलणारा अशुद्ध ठरला. आपल्यातील कित्येकांच्या आज्या-पणज्यांनी ते ओझे डोक्यावर वाहिले आहे. माणसाकडून मैला वाहून घेण्यास १९९३ च्या आणि नंतर २०१३ च्या कायद्याने बंदी केली. परंतु शास्त्राने ती रीत कधीच मान्य केली नव्हती. म्हणून ख्रिस्ती पुरुषाने असे म्हणू नये की शौचालय धुणे हे बायकांचे काम, किंवा अमक्या आळीचे काम. ज्या घरात बाप स्वतः हाती खराटा घेतो, त्या घरातील मुलाला स्वच्छतेवर दुसरे प्रवचन लागत नाही.

दुसरी गोष्ट ही की, स्वच्छता निराळी आणि सोवळे निराळे. येथे कोणी हुशार माणूस मला मार्काच्या सातव्या अध्यायाची आठवण देईल. तो म्हणेल, प्रभूचे शिष्य हात न धुता जेवले, आणि प्रभूने त्यांची बाजू घेतली. मग तुम्ही आम्हांस हात धुण्याचा आग्रह का करता? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. परूशी लोक मळ काढण्यासाठी हात धूत नव्हते. बाजारातील माणसांचा विटाळ धुऊन काढावा, असा त्यांचा भाव होता. ते धुणे माणसाला माणसापासून दूर करणारे होते, आणि ते आपल्या लोकांना चांगले ठाऊक आहे, कारण त्या धुण्यासाठी आपल्यालाच विटाळ म्हटले गेले. प्रभूने त्या अहंकाराचा निषेध केला. साबणाचा तो निषेध नव्हे. साबण कोणाची जात विचारीत नाही. तो ब्राह्मणाच्या हातावरचीही अंडी धुतो आणि मांगाच्या हातावरचीही. सोवळे म्हणते, तुझ्यापासून माझे रक्षण होवो; स्वच्छता म्हणते, माझ्यापासून तुझ्या लेकराचे रक्षण होवो. आणि त्याच अध्यायात अंतःकरणातून निघणाऱ्या वाईट गोष्टी सांगताना प्रभूने शेवटी मूर्खपणाही गणला आहे, हे विसरू नका. जे कळते ते न करणे, आणि मग मुलाच्या उशाशी बसून रडणे, ह्याला दुसरे नाव नाही.

तिसरी गोष्ट ही की, आज्ञा लहान आहे म्हणून तिला तुच्छ मानू नका. सेनापती नामान ह्याला अलीशाने यार्देनेत सात वेळा स्नान कर एवढेच सांगितले, तेव्हा तो रागावून परत निघाला. त्याला काहीतरी मोठे हवे होते. त्याच्या चाकरांनी त्याची समजूत घातली, म्हणून तो बरा झाला. आपणही नामानासारखेच आहोत. लेकरासाठी कर्ज काढून शहरातील मोठ्या दवाखान्यात जाऊ, नवस बोलणाऱ्या शेजाऱ्याचेही ऐकू. परंतु शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, दर आठवड्यास नखे कापणे, पायांत चप्पल घालणे, भाजी धुऊन खाणे, ह्या गोष्टी आपल्याला अगदी क्षुल्लक वाटतात.

ह्या क्षुल्लक गोष्टींचे बळ किती आहे ह्याचा एक पुरावा सांगतो. चीन देशाच्या हुनान प्रांतात संशोधकांनी ३८ शाळांतील नऊ-दहा वर्षांची मुले निवडली. आरंभी दोन्ही गटांस जंताचे औषध दिले. मग निम्म्या शाळांत मुलांना सुमारे १२ मिनिटांचा एक चित्रपट दाखविला. त्यात जंत कसे शिरतात व त्यांस कसे अडवावे हे हसतखेळत सांगितले होते. त्यावर मुलांशी चर्चा केली व स्पर्धाही घेतल्या. उरलेल्या शाळांत नेहमीचीच माहिती ठेवली. वर्षाच्या अखेरीस तपासले तो, जेथे मुलांना शिकविले होते तेथे नव्याने जंत झालेल्यांचे प्रमाण दुसऱ्या शाळांच्या सुमारे निम्मेच होते. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पाहा, औषध दोन्हीकडे तेच. फरक पडला तो मुलांना समजावून सांगितल्याने व त्यांनी ते आचरल्याने. शिक्षकबंधूंनो, शिक्षकभगिनींनो, शब्बाथशाळा चालविणाऱ्या तरुणांनो, तुमच्या हाती केवढी शक्ती आहे हे ओळखा.

कोणी म्हणेल, सरकार तर शाळेत गोळी देतेच. होय, देते, आणि ती घेतलीच पाहिजे. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षी त्यात आपला महाराष्ट्र होता. १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना शाळेत व अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. दोन वर्षांपुढील मुलास ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी व त्याहून लहान्यास अर्धी, चुरून पाण्याबरोबर. मोठ्यांनी ती चावून खावयाची. पोटात जंत फार असले तर थोडे मळमळते किंवा पोट दुखते, आणि ते लवकरच थांबते. तेवढ्यावरून गोळीविषयी अफवा उठवू नयेत. त्या दिवशी मूल आजारी असले तर शिक्षकांस वा आशाताईस आधी सांगावे. परंतु हे ध्यानात ठेवा की, गोळी आज पोटात असलेले जंत मारते, उद्या येणाऱ्यांस अडवीत नाही. गोळी ही दया आहे, कुदळ ही आज्ञा आहे. दया स्वीकारून आज्ञा मोडणारा मनुष्य पुन्हा जेथल्या तेथे येतो. आत्म्याच्या बाबतीत हे जितके खरे आहे, तितकेच पोटाच्या बाबतीतही खरे आहे.

आणि येथेच तळावरच्या लेकराची आठवण करा. हा दिवस बहुधा १० फेब्रुवारीच्या आसपास असतो, आणि त्याच महिन्यात ऊसतोडीचा हंगाम भरात असतो. ज्या शाळेच्या पटावर त्या मुलाचे नाव आहे, ती शाळा दूर राहिली. ज्या शिवारात ते आज राहते, तेथील शाळेच्या पटावर त्याचे नाव नाही. गुरुजी हजेरी घेऊन गोळ्या वाटतात, आणि सर्वांत जास्त मातीत राहणारे मूल त्या रांगेत नसते. शाळेत न जाणाऱ्या मुलांना जवळच्या अंगणवाडीत गोळी द्यावी अशी योजनेतच तरतूद आहे. उणीव आहे ती त्याला हाताला धरून तेथे नेणाऱ्याची. प्रभूने एका लेकराला शिष्यांच्या मध्ये उभे करून म्हटले की, जो अशा एकाला माझ्या नावाने स्वीकारतो तो मला स्वीकारतो. ते लेकरू आज आपल्या शिवाराच्या बांधावर खेळत आहे. त्याला आपण स्वीकारणार की नाही?

हे आपल्याच्याने व्हायचे नाही असे म्हणू नका. आपल्या ह्याच जालन्याच्या भूमीत एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री ह्यांनी बेथेल हे ख्रिस्ती लोकांचे गाव वसविले. बेथेल म्हणजे देवाचे घर. आणि त्या देवाच्या घरात शाळाही होती. त्यांनी आत्म्याची सेवा व लोकांच्या संसाराची सेवा अशी फारकत केली नाही. आपल्या काळाच्या अधिक जवळचे उदाहरण जामखेडचे आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने वेल्लोरला वैद्यकी शिकून १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात काम आरंभिले. त्यांनी गावोगावच्या साध्या स्त्रियांना आरोग्यसेविका केले. त्यांतील पुष्कळ जणींना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि कित्येक दलित होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्याच तोंडून गावाने पाणी शुद्ध कसे ठेवावे हे ऐकले. १९७९ साली त्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु खरा पुरस्कार हा की, त्या गावांतील लेकरे जगली. निरक्षर मातेला जे शिकविता आले, ते शब्बाथशाळेतील मुलांना शिकविता येणार नाही काय?

म्हणून मंडळीपुढे मी पुढील कामे ठेवतो. ही कामे लहान आहेत, नामानाला सांगितलेल्या कामाएवढीच.

प्रत्येक प्रार्थनामंदिराच्या दाराशी, व शक्य असल्यास शाळेच्या दाराशी, पाण्याचे भांडे व साबण ठेवावा. शब्बाथशाळेत वचन पाठ करण्यापूर्वी मुलांनी एकमेकांचे हात व नखे पाहावीत. ज्याचे हात मळलेले असतील त्याला हसू नये, त्याच्या हातावर दुसऱ्याने पाणी घालावे. ज्यांच्या घरच्या शौचालयात सरपण आहे त्यांनी ह्याच आठवड्यात ते बाहेर काढावे. तान्ह्या मुलाची विष्ठा निरुपद्रवी असते ही समजूत सोडून तीही शौचालयातच टाकावी. ज्यांच्या शेताजवळ टोळीचा तळ पडतो, त्यांनी मुकादमाशी गोडीने बोलून, विहीर, ओढा व कालवा ह्यांपासून दूर, आडोशाला एक चर खणून द्यावा, आणि मातीशेजारी एक फावडे ठेवावे. जंतनाशक दिनाच्या आधी मंडळीतील दोघा-तिघांनी तळावर जाऊन लेकरे मोजावीत, आणि अंगणवाडीताईंस तो आकडा कळवावा. आणि आपल्यातील जी कुटुंबे स्वतः ऊसतोडीस जातात, त्यांनी गाडीत कोयता ठेवताना त्याच्याशेजारी कुदळ व साबणाची वडी ठेवावी. मोशेची आज्ञा अक्षरशः पाळण्याचा मान आज तुम्हांस आहे.

मोशेला जंताच्या अंड्यांविषयी काही ठाऊक नव्हते, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. त्याने आज्ञा दिली ती रोगाच्या भीतीने नव्हे. परमेश्वर येथे फिरतो, हेच एक कारण त्याने सांगितले. आपल्याला आता रोगाचे कारणही कळले आहे, म्हणून आपली जबाबदारी दुप्पट झाली. तरीही पहिले कारण तेच राहो. भीतीने धुतलेले हात रोग सरला की धुवावयाचे राहून जातात. परमेश्वर आपल्या अंगणातून, शाळेच्या ओट्यावरून, उसाच्या फडातून चालत आहे असे ज्याला वाटते, तो कोणी पाहत नसतानाही खड्डा झाकतो.

ज्या रात्री प्रभू धरून दिला गेला, त्या रात्री त्याने कमरेला रुमाल बांधला, पात्रात पाणी ओतले, आणि शिष्यांचे धुळीने भरलेले पाय धुतले. जगाचा तारणारा मातीने माखलेल्या पायांजवळ बसला. मातांनो, पुढच्या वेळी लेकराचे हात धुवाल तेव्हा हे आठवा. गुरुजींनो, शाळेच्या नळाजवळ पोरांची रांग लावाल तेव्हा हे आठवा. ते काम हलके नाही. ते आपल्या प्रभूने केलेले काम आहे.

प्रार्थना करू या. हे आमच्या स्वर्गीय पित्या, तू आमच्या छावणीत फिरतोस आणि आम्ही ती घाण ठेवितो, ह्याबद्दल आम्हांस क्षमा कर. आमच्या लेकरांच्या अन्नाचा घास त्यांच्याच अंगी लागू दे. बांधावर खेळणाऱ्या परक्या लेकराला आपले म्हणण्याचे मन आम्हांस दे. आमच्या हातांस कुदळीची लाज वाटू देऊ नकोस. आणि आमचे हात व आमची अंतःकरणे ही दोन्ही तुझ्यापुढे स्वच्छ ठेव. ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.